शेळीचा खण

— न्हाई न्हाई, बसा हो सयाजीभाऊ, गाडी आल्याबिगर बिबट्याचा पिंजरा काय तुमी खांद्यावर घेऊन जाणार हाय का? पिकअप आळे गावाच्या पुढं पंक्चर झालाय म्हणता ना, मंग बसा निवांत. त्यात चार गडी जमवायचं, उचलायचं, लई वेळ हाय अजून. चहा घ्या. मीच केलाय, साखर जरा जास्तच पडलीय, घरात बाईमाणूस न्हाई ना — आन् तेच तर बोलायचंय तुमच्याशी, म्हणून तर तुमाला वट्यावर बसवलं, न्हाई तर पिंजऱ्यापाशी सावलीला बसला असताच की तुमी. एक फोन लावायचा फकस्त. आमच्या मंडळीला, तेजस्विनीला. पोराला घेऊन ती खोडदला बसलीय भावाकडं, आन् माझा फोन उचलत न्हाई. तुमचा उचलंल. तुमी काय सांगायचं — वहिनी, मी वनखात्याचा सयाजी बोलतोय, त्या दिवशी तुमचं पोरगं खेळता खेळता पिंजऱ्यात शिरलं आन् कडी आपोआप पडली, आसं व्हतं कधी कधी, भरतभाऊंचा त्यात काय दोष न्हाई. बस. एवढंच. तुमच्या अंगावर खाकी हाय, तुमचं ऐकंल ती. माझं तर आता कुत्रं बी ऐकत न्हाई या वस्तीवर.

आसं काय बघताय? खोटं बोला म्हणतोय का मी तुमाला? कडी ढिली झाल्यावर पडती का न्हाई? पडती ना? मंग झालं तर. आता ती पडली व्हती का पोरानं आतनं वढली व्हती, ते कोण बघायला गेलंय. साडेचार वर्साचं लेकरू हाय, त्याला काय कळतंय. आन् हळू बोला जरा — तुमी बोललाच न्हाई म्हणा, मीच बोलतोय — आप्पा आत खाटंवर पडल्यात. झोपलेत आसं वाटतं माणसाला, पण कान जागं असत्यात त्यांचं. वय झालंय, गुडघं गेलं, पण कान अजून तसंच. मी बारका व्हतो तवा मागच्या पडवीत पाटी पुसली तरी त्यांना वट्यावर ऐकू जायचं. हां, आमचे धर्माजीआप्पा म्हंजे काय, पिंपरी पेंढारात विचारा कुणालाबी. माणसं रस्ता बदलायची.

पिंजऱ्याचं म्हणाल तर पोराला पहिल्या दिवसापास्नं त्याचं याड. तुमीच आणला व्हता ना, ट्रॅक्टरवर, त्या वरच्या मळ्यात बिबट्यानं शिंद्यांची कालवड उचलली त्याच्या दुसऱ्या दिवशी. शौर्य तुमच्या मागं मागं. शौर्य — नाव मीच ठेवलंय बरं का, ती तर काय तरी तिसरंच म्हणत व्हती, मी म्हणलं न्हाई, शौर्यच. तर ते तुमच्या मागं मागं, आन् तुमी बी राव चांगलं माणूस, त्याला उचलून दाखवलंत, हा पुढचा खण बिबट्याचा, इथं फळीवर पाय पडला की दार धाडकन खाली, आन् हा मागचा बारका खण शेळीचा, मधी गज, मागनं त्याचं वेगळं बारकं दार, कडीचं. तवा त्यानं तुमाला विचारलं व्हतं — आठवतंय का — शेळीला खाईल का म्हणून. तुमी म्हणलात, न्हाई रं बाळा, तिच्या खणात कुणीच येऊ शकत न्हाई, वाघ येऊ दे न्हाई तर कुणी बी येऊ दे, तिला हात लावता येत न्हाई. मी तिथंच व्हतो, पाइप गोळा करत. पोरगं लई वेळ त्या खणाकडं बघत उभं व्हतं. मला वाटलं शेळीकडं बघतंय.

आता तेजस्विनीचं म्हणणं काय, तर म्हणे तुमी पोराला लई मारता. ऐका. तुमी या वस्त्या रोज फिरता, तुमाला मी काय सांगायचं — चहूकडनं ऊस, घराच्या भिंतीला पान टेकतंय. बाया बिबट्याच्या भ्यानं गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून खुरपायला जात्यात, माणूस परसाकडला जाताना मोबाइलवर गाणी लावून जातो. आसल्या ठिकाणी पोर वाढवायचं म्हंजे लाड करून चालंल का? पोरानं ऐकलंच पाहिजे. बस म्हणलं की बसलं पाहिजे, गप म्हणलं की गप. उद्या त्याच्या जिवावर बेतलं तर लाड कामाला येणारेत का? मी त्याच्या भल्यासाठीच — आन् मारतो म्हंजे काय जनावरासारखं मारतो का? ठिबकची बारीक नळी असती ना, तिचा तुकडा दारामागं ठेवलाय, तो नुसता हातात घेतला तरी काम व्हतं. कधी तरी लागतो एखादा. पोटरीवर. पोटरीवर लागलं तर काय व्हत न्हाई, आमाला तर बैलाच्या कासऱ्यानं पडायचं. आन् फरक पडतो की! दोन वर्साचा व्हता तवा रडायला लागला की वस्ती डोक्यावर घ्यायचा. आता? मी नुसतं बोट वर केलं की वाक्यातलं वाक्य तिथंच थांबतं. डोळ्यांत पाणी भरतं, पण भायेर पडत न्हाई. दुसऱ्याची पोरं बघा, बाजारात लोळत्यात खेळण्यासाठी. आमचं न्हाई लोळत. आमचं काय मागतच न्हाई.

मला काय कमी शिकवलंय का आप्पांनी? सात-आठ वर्साचा आसंन, पोहायला शिकायचं व्हतं, तर कंबरंला दोर बांधला आन् दिलं सोडून विहिरीत. वरनं म्हणायचे, हातपाय हलव. मी ओरडलो की दोर ढिला सोडायचे, गप झालो की वढायचे. ओरडायचं न्हाई हे असं शिकलो मी, एका दिवसात. तवाच्या माणसांना कुणी पुस्तकं वाचून पोरं वाढवायला सांगितली न्हाईत. — पोहायला? न्हाई, पोहता न्हाई येत मला. तो भाग वेगळा. विहिरीवर मोटरचं काय काम निघालं की मी खोताच्या पोराला बोलावतो, त्यो उतरतो. मला जरा ते पाण्याचा वास आला की — आसू द्या. पण माणूस म्हणून काय वाकडं झालं माझं? शेती करतो, घर बांधलं, व्यसन न्हाई, गावात कुणाशी भांडण न्हाई. झालो का न्हाई सरळ? मंग तेच केलं मी पोराबरूबर. उलट दोर तर मी कधी बांधला न्हाई त्याला.

हां, ते बोलण्याचं सांगायचं राहिलं. ते अडखळतं. आधी न्हवतं बरं का, आधी पोपटावाणी बोलायचं, दीड वर्साचा व्हता तवा आख्ख्या वस्तीची नावं घ्यायचं. गेल्या वर्सापास्नं कुठनं तरी आलं. प-प-प करत बसतं, मान ताणली जाती, डोळं मिटतं. अंगणवाडीच्या बाई तेजस्विनीला म्हणाल्या, इतर पोरांत मिसळत न्हाई, कोपऱ्यात पाठ लावून बसतो, कुणी जोरात बोललं की हात असा कानावर धरतो. आन् एका पोराला चावला म्हणे. मी म्हणलं चावला म्हंजे त्याच्यात काय तरी दम हाय. मी हसलो तवा. ती न्हाई हसली. तालुक्याला कुणा डॉक्टरीनबाईला दाखवू म्हणाली, मी म्हणलं डॉक्टरीन काय करणार, तोंडात हात घालून शब्द भायेर काढणार का? मी काढतो. रोज संध्याकाळी समोर उभं करायचं, म्हण. म्हण परत. अडखळला की परत पहिल्यापास्नं. आसं शिकवलं तर जाईल की. जाईल का न्हाई? तुमच्या पोरांचं काय, अडखळत्यात का? न्हाई. हां.

पण गंमत सांगू का तुमाला — आन् हे मला तिनं सांगितलं, मी कधी ऐकलं न्हाई — त्या शेळीपाशी नीट बोलायचा म्हणे. तुमी पिंजऱ्यात शेळी ठेवली तवापास्नं दुपारचं तो पाला घेऊन जायचा, गजातनं एकएक पान द्यायचा आन् तिला सगळं सांगत बसायचा. आज भात व्हता, आज बाईंनी गाणं घेतलं, आज पप्पांनी आसं केलं. सरळ. एक अक्षर अडकायचं न्हाई. ती बांधावर लपून ऐकायची आन् घरी येऊन मला सांगायची, जशी काय माझी चूक हाय. मी एकदा गेलो बघायला. मला बघितल्याबरूबर गप. शेळी बी गप. मी म्हणलं बोल की रं, माझ्याम्होरं बोल. न्हाई बोल्लं. लई राग आला मला. पोटचं पोरगं, आन् शेळीला बोलतंय. तुमाला न्हाई येणार राग?

तर त्या दिवशी. त्या दिवशी काय झालं, तेजस्विनी डेअरीला दूध घालायला गेल्ती, आई जेजुरीला गेल्ती बहिणीबरूबर, अजून आली न्हाई. घरात आप्पा, मी आन् शौर्य. दिवेलागणीची वेळ, पोरगं भायेर अंगणात खेळत व्हतं — न्हाई, तुमी बरूबर बघताय, दिवेलागणीला या वस्तीवर कुणी पोर अंगणात सोडत न्हाई. चूक झाली. सोडलं जरा. माणसाकडनं व्हतं. खेळत व्हतं आन् माझी नजर चुकली, मी आत व्हतो, आन् दार — दार लावलेलं व्हतं, वाऱ्यानं आसंल —

आता तिचं नेमकं इथंच अडलंय बघा. मी तिला पिंजऱ्याच्या कडीचं सांगतो तर ती पिंजऱ्याचं ऐकतच न्हाई. ती म्हणती मला पिंजऱ्याच्या दाराचं नका सांगू, घराचं दार कुणी लावलं व्हतं ते सांगा. मी दूध घेऊन निघाले तवा उघडं व्हतं, आले तवा आतनं कडी. आन् पोरगं भायेर. सासूबाई जेजुरीला, मामंजींना खाटंवरनं उठवत न्हाई. मंग कडी कुणी लावली? एवढंच विचारती. तिच्या भावानं फोन घेतला तरी मागनं तिचा आवाज येतो, विचार, दार कुणी लावलं.

मीच लावलं. तुमाला सांगायला काय, तुमी काय तिला सांगणार न्हाई. दोन मिनटं लावलं व्हतं ओ. आमच्याकडं सगळेच करत्यात, पोरगं ऐकना झालं की दाराच्या भायेर काढायचं, जा बिबट्याकडं म्हणायचं, दार लोटायचं, पोरगं बोंब मारतं, दार बडवतं, चूक झाली म्हणतं, की आत घ्यायचं. कुणाच्या घरी होत न्हाई आसं? मी काय त्याला बिबट्याच्या तोंडात देणार व्हतो का? दाराच्या आतच उभा व्हतो. कडीवर हात व्हता माझा, हा हात. पहिल्या हुंदक्याला उघडणार व्हतो, देवाशपथ. नुसतं एकदा पप्पा म्हणाला असता, अडखळत का व्हईना.

ते रडलंच न्हाई. दार वाजवलंच न्हाई. मी आतनं कान लावून ऐकतोय, भायेर कायच न्हाई, नुसता ऊस वाजतोय. मला वाटलं हट्ट करतंय. म्हणलं करू दे, बघू कुणाचा हट्ट जास्त. आन् त्या हट्टात मी तसाच उभा राहिलो. किती वेळ ते नका विचारू.

काय केलं व्हतं? त्यानं? कायच न्हाई केलं व्हतं, हेच तर. आप्पांनी त्याला जवळ बोलावलं, म्हणले नाव सांग तुझं. पोराला नाव सांगता येईना. शौ-शौ-शौ करत ऱ्हायलं. मी मागं उभा व्हतो, मी म्हणलं सांग, नीट सांग, तसं ते जास्तच अडकलं. आन् आप्पा हसले. हसले आन् माझ्याकडं बघून म्हणले, तुझ्यावाणीच निघालं की रं हे. — हां. मी बी अडखळायचो. बारका असताना. गावात कुणाला आठवत बी न्हाई आता, तिला बी म्हाईत न्हाई, मी सांगितलंच न्हाई कधी. मोडलं ते आप्पांनीच. अजून बी त्यांच्याम्होरं मी लई बोलत न्हाई बघा, व्हय आन् न्हाई, एवढ्यात भागवतो, त्यात काय अडकायला जागाच न्हाई. तर ते हसले तसे, आन् माझ्या अंगात काय शिरलं मला ठावं न्हाई. दंडाला धरलं पोराला. नळी बी घेतली न्हाई, खरं सांगतो, नळी तिथंच व्हती दारामागं. उचललं, भायेर ठेवलं, आन् लावलं दार. आप्पा हसतच व्हते.

मंग कडी काढली तर अंगण मोकळं. तुमी बाप हाय, तुमाला सांगायची गरज न्हाई काय झालं ते. चप्पल एक दाराशी, दुसरी न्हाई. मी पहिलं काय केलं आसंल — हाक मारली न्हाई मी. आत जाऊन बॅटरी घेतली आन् हळूच गोठ्यात बघितलं, चुलीमागं बघितलं, म्हणलं हाक मारली तर शेजारी येतील, विचारतील कसं गेलं. त्यात वेळ गेला, आन् कुणी डोकावू नये म्हणून आत शिरताना मी परत कडी लावली. तवर तेजस्विनीनं दार वाजवलं, उघडलं तर किटली हातात, म्हणाली शौर्य कुठंय. मी म्हणलं खेळतोय. तिनं उसाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आन् जी किंकाळी फोडली तिनं. त्यावर सगळी वस्ती आली. शिंदे आले, खोत आले, ट्रॅक्टर लावून दिवं उसात सोडलं, पत्र्याची डबडी वाजवायला लागली माणसं. मी सगळ्यांच्या पुढं. शौर्य, ए शौर्य, आरं भायेर ये, शौर्य. घसा फुटला माझा. उसात शिरलो तर पान गाल कापतंय, ध्यान न्हाई. बायका तिला धरून बसल्या. कुणी तरी म्हणलं, रक्त हाय का बघा पाटाकडं. मला ते ऐकू आलं.

मंग तुमी आलात. तुमी डायरेक पिंजऱ्याकडं गेलात, आमी कुणी गेलोच न्हवतो तिकडं, दार पडलेलं न्हाई हे लांबनंच दिसत व्हतं, मंग बघायचं काय. तुमी मागं बॅटरी मारलीत आन् हात वर केलात. आन् आतमधी तो. शेळीच्या पोटाला टेकून, गुडघं छातीशी घेऊन. दार आतनं वढून घेतलेलं, कडीत त्याच्याच चड्डीच्या पट्ट्याचं टोक अडकवलेलं. हां, ती कडी काय आपोआप पडली न्हवती, तुमाला म्हाईत हाय, मला म्हाईत हाय. आन् एका हातानं त्यानं शेळीचं तोंड धरलं व्हतं, दाबून, तिनं आवाज काढू नये म्हणून. एवढी माणसं, एवढा गोंगाट, त्याच्या नावानं आख्खी वस्ती ओरडतीय, आन् तो दहा-वीस पावलांवर गप बसून ऐकतोय सगळं. सगळे म्हणले घाबरलं पोरगं, बिबट्याच्या भ्यानं लपलं, हुशार हाय. शिंद्यांनी तर माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणले, भरत, पोराला चांगलं शिकवलंयस, चूं न्हाई केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. भांडली न्हाई. भांडली असती तर बरं झालं असतं. तिचा भाऊ गाडी घेऊन आला, पोराचं कपडं पिशवीत घातलं, आन् पोरगं मला ओलांडून गेलं जसा काय मी खांब हाय. आता मेव्हणा सांगतो, बोलत न्हाई म्हणे. अडखळत बी न्हाई, बोलतच न्हाई. तिच्या कानात कधी तरी कायतरी कुजबुजतं तेवढंच. तिथं खोडदला त्या आभाळाच्या दुर्बिणीच्या मोठ्या छत्र्या हाईत ना, अंगणातनं दिसत्यात, त्यांच्याकडं बघत बसतं. चड्डीत करायला लागलंय परत. त्या डॉक्टरीनबाईकडं नेलं व्हतं त्यांनी, ती म्हणाली वेळ लागंल, आन् त्याला कुणाच्या धाकात ठेवायचं न्हाई, आवाज बी चढवायचा न्हाई. मी म्हणलं न्हाई चढवणार. मेव्हण्याला म्हणलं, लिहून देऊ का? न्हाई चढवणार. घेऊन या फकस्त. ती नळी बी मी त्याच दिवशी — न्हाई, हाय ती अजून दारामागं, पण मी टाकून देतो, आज देतो. तुमच्याम्होरं देतो. थांबा.

थांबा, बसा, ते नंतर. मला एक इचारायचंय तुमाला. फोनचं बाजूला ठेवा जरा. त्या दिवशी तुमी पिंजऱ्याशी वाकला व्हता, तवा तो तुमच्याशी बोल्ला. मी बांधावर उभा व्हतो, माणसं मधी व्हती, मला ऐकू आलं न्हाई, पण ओठ हललेलं दिसलं. तो काय तरी बोल्ला, तुमी काय तरी बोल्लात, मंग त्यानं शेळीचं तोंड सोडलं आन् कडी काढली. मी एवढा बाप ओरडत व्हतो, त्याला उत्तर न्हाई. तुमी कोण लागून गेलात, तुमच्याशी बोल्ला. काय म्हणला? तेवढं सांगा मला. रोज तेच डोक्यात येतं, काय म्हणला आसंल. भ्यालो म्हणला का? आई म्हणला?

सांगा की. त्यात लपवायचं काय हाय. लेकरू काय म्हणणार, पाणी म्हणला आसंल — सयाजीभाऊ, मी हात जोडतो. आत आप्पा हाईत न्हाई तर मोठ्यानं इचारलं असतं. बापाला कळायला नको का?

काय?

परत सांगा.

...“पप्पा गेले का?”

आसं म्हणला? बिबट्या न्हाई? न्हाई, तुमी नीट ऐकलं का, माणसांचा लई गलका व्हता — बिबट्या गेला का म्हणला आसंल, बारीक पोरगं, तोंडातल्या तोंडात — बरं. बरं. पप्पा. आन् तुमी काय म्हणला? ... गेले. तुमी म्हणलात गेले. व्हय, त्याला भायेर काढायचं व्हतं ना, तुमी तरी काय करणार. चांगलंच केलं. मी तर बांधावरच व्हतो. हाका मारत. म्हंजे तो माझ्या हाका मोजत बसला व्हता आतमधी, कवा थांबतायत म्हणून. मी जेवढा ओरडत व्हतो तेवढा तो — आन् मी थांबलो तुमी हात वर केलात तवा, तेवढ्यात त्यानं इचारलं. बरूबर. जुळतंय सगळं.

आन् मंग तो भायेर आला. तुमी त्याला धरून उभा केला. माणसं बाजूला झाली आन् त्याला मी दिसलो. तुमाला आठवतंय ना तो कसा उभा ऱ्हायला? पळाला न्हाई, रडला न्हाई. ताठ. हात दोन्ही मांडीला चिकटवून, मी संध्याकाळी उभा करतो ना म्हण म्हण म्हणायला, तसा. आन् पायावरनं पाणी गेलं त्याच्या. मी म्हणलं दमलंय पोरगं.

न्हाई, चहा नगं आता मला.

काय करताय? न्हाई, फोन नका लावू. ठेवा तो खिशात. म्हणलो व्हतो मी, व्हय, मीच म्हणलो व्हतो, आता नका लावू म्हणतोय ना. ती उचलंल, तुमचा नंबर बघून उचलंल, आन् तो तिच्या मांडीवर आसंल. नका. कडीचं बी सांगू नका, दाराचं बी नका. माझ्यासाठी काय बोलू नका कुणापाशी. तिकडंच ऱ्हाऊ द्या त्याला.

ती बघा गाडी आली तुमची, वळणावर हॉर्न दिला. जावा. गडी बोलवा खोताच्या वस्तीवरनं, मी न्हाई येत उचलायला. शेळी सोडून न्या आधी, ती कुणाची हाय त्याला द्या. — जावा म्हणलं ना, सयाजीभाऊ. कप तिथंच ऱ्हाऊ द्या, मी उचलतो.